एग्मोरची रुजुवात

काशीहून गंगोदकाचा गडू घेऊन निघालेला, आणि तो रामेश्वराच्या पिंडीवर रिता केल्यावाचून यात्रा पुरी झाली असे न मानणारा जुन्या काळचा मराठी यात्रेकरू मद्रासेस ज्या स्थानकावर उतरे ते सेंट्रल. आणि तेथून वळकटी, पंचपात्री आणि दशम्यांचे गाठोडे ‘झटका’ नावाच्या टांग्यात घालून ज्या दुसऱ्या स्थानकाकडे धावे ते एग्मोर. दक्षिणेकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाड्या तेथून सुटत. त्यामुळे आपल्याकडच्या कैक आजी-आजोबांच्या लेखी एग्मोर म्हणजे गाडी बदलण्याचे ठिकाण, नळावर पाणी भरून घेण्याची जागा आणि फार तर पितळी पेल्यातल्या मद्रासी कापीचा जिभेला बसलेला पहिला चटका, याहून अधिक काही नव्हते. १९०८ साली सुरू झालेल्या त्या तांबड्या-पांढऱ्या, घुमटांच्या स्थानकातून बाहेर पडून कोसभर चालण्याची सवड त्यांना मिळाली नाही, याबद्दल त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. ज्याला रामेश्वर गाठायचे आहे त्याने वाटेतल्या दप्तरखान्यांत आणि इस्पितळांत का डोकवावे? परंतु ज्या भागाला तमिळ लोक एळुंबूर म्हणतात आणि इंग्रजांच्या जिभेने ज्याचे एग्मोर केले, त्या भागात आणि त्याच्या वेशीवर, गेल्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांत, शिक्षण, विज्ञान, अर्थव्यवहार आणि आरोग्य या चारही क्षेत्रांत विद्वानांनी जे शोध घेतले, ते एकापाठोपाठ एक पाहत गेले असता संशोधन म्हणजे काय आणि ते कोठे फसते, याचा जो उलगडा होतो तो शंभर व्याख्यांनी व्हायचा नाही.

‘संशोधन’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. साबणाची वडी आणि दंतमंजन यांच्या जाहिरातींतही तो सापडतो, आणि विद्यापीठांत तर बढतीच्या हिशेबासाठी निबंधांची संख्या मोजण्याचा जो परिपाठ पडला आहे त्यामुळे त्याचे उरलेसुरले तेजही गेले. त्याच्या जागी आपल्या जुन्या दप्तरी व्यवहारातला एक शब्द मला अधिक नेमका वाटतो, तो म्हणजे रुजुवात. कारकुनाने नक्कल उतरली की ती मूळ कागदाशी ताडून पाहावयाची, खर्ची पडलेली रक्कम पावतीशी मिळवावयाची, आणि मेळ बसला तरच कागदावर ‘रुजू’ असा शेरा मारावयाचा, हा मराठी कचेऱ्यांचा शिरस्ता होता. ज्याने लिहिले त्यानेच ताडावे हे त्यात बसत नसे. ताडणारा हात दुसरा असावा लागे. संशोधनाचेही मर्म यापलीकडे फारसे नाही, आणि एग्मोरच्या परिसरात ते जितके पाळले गेले तितकेच मोडलेही गेले आहे.

आरंभ शिक्षणापासून करू. आजच्या रेल्वे स्थानकाच्या परिसरात अठराव्या शतकात कंपनी सरकारची एक लहानशी गढी होती, आणि १७८९ साली त्या गढीत गोऱ्या शिपायांच्या पोरक्या मुलांसाठी एक अनाथाश्रम निघाला. आश्रमाचा अधीक्षक अँड्र्यू बेल हा स्कॉटलंडातल्या सेंट अँड्र्यूज गावचा पाद्री. शाळा चालवावयाची तर पंतोजी कामचुकार आणि मुले मंद, अशा नेहमीच्याच पेचात तो सापडला होता. एके दिवशी सकाळी घोड्यावरून रपेट करीत असता त्याला वाटेत एक ‘मलबारी’ शाळा दिसली. (त्या काळचे इंग्रज तमिळ माणसालाही मलबारीच म्हणत; भूगोल त्यांनी पुढे सुधारला.) शाळा म्हणजे काय, तर मुले जमिनीवर बसली आहेत, पुढे वाळू पसरली आहे आणि बोटाने तीत अक्षरे काढली जात आहेत. बेलला हे अपूर्व वाटले. आपल्याला वाटणार नाही, कारण धूळपाटी आणि धुळाक्षरे ही आपल्या पंतोजींच्या शाळेत इतकी रुळलेली होती की आजही एखाद्या विद्येची सुरुवात करण्याला आपण धुळाक्षरे गिरवणे असेच म्हणतो. पण बेलने तेथल्या तेथे घोडा वळवला, आश्रमात येऊन पाट्यांवर वाळू पसरावयास सांगितली, आणि जेव्हा आश्रमातल्या शिक्षकाने हे आपल्याला जमावयाचे नाही म्हणून हात झटकले, तेव्हा त्याने एका शिपायाच्या जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला उभे करून धाकट्या मुलांचा वर्ग त्याच्या स्वाधीन केला.

आठ वर्षांचा मास्तर! पण वर्ग चालला. मोठ्या माणसाला जे लाजिरवाणे वाटले ते मुलाला खेळासारखे वाटले असावे. शिवाय स्वतः परवापर्यंत जेथे अडखळत होता तेथेच समोरचा अडखळतो आहे, हे मुलाला जसे कळते तसे पंतोजीला कळत नाही. बेलने मग एकामागून एक सगळे वर्ग मुलांच्याच हाती दिले. १७९६ साली तो विलायतेला परतला आणि दुसऱ्याच वर्षी मद्रासच्या अनाथाश्रमात केलेला शिक्षणाचा ‘प्रयोग’, अशा अर्थाच्या मथळ्याखाली त्याने एक लहानसे पुस्तक छापले. शाळेच्या कारभाराला ‘प्रयोग’ हा रसायनशाळेतला शब्द लावण्याचे धाडस त्या काळी अनोखे होते. लंडनमध्ये जोसेफ लँकास्टर नावाचा एक तरुण जवळजवळ अशीच शाळा चालवीत होता. मूळ कल्पना कोणाची यावर त्या दोघांच्या अनुयायांत वर्षानुवर्षे जे रण माजले त्यात धर्मपंथांचे वैरही मिसळले होते. बेल १८३२ साली वारला, तेव्हा इंग्लंडात त्याच्या पद्धतीने चालणाऱ्या शाळा बारा हजारांच्या आसपास होत्या, आणि अव्वल इंग्रजीत मुंबईच्या शिक्षणसंस्थांनीही ती रीत उचलून मराठी शाळांत परत आणली. म्हणजे दक्षिणेतली वाळू विलायतेला गेली आणि तिच्यावर शिक्का बसून ती आपल्याकडे आली.

आता याची रुजुवात कशी होते? बेलने जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले, त्या मलबारी शाळेचे ऋणही लपवले नाही. परंतु पद्धतीचा जनक तोच, परीक्षक तोच आणि वकीलही तोच. एक वर्ग नव्या रीतीने आणि तशाच मुलांचा दुसरा वर्ग जुन्या रीतीने शिकवून वर्षअखेर दोन्हींची मापे तिऱ्हाइताने घ्यावीत, ही गोष्ट त्याला सुचली नाही. सुचण्याचा तो काळही नव्हता. त्यामुळे त्याची पद्धत पसरली ती मुख्यत्वे स्वस्त म्हणून. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले शिकतात, हा हिशेब कोणत्याही सरकारला चटकन पटतो, आणि शिक्षणाच्या नावाखाली अर्थखात्याने घेतलेले निर्णय आपण अजून भोगतो आहोत. ज्या तमिळ पंतोजीच्या शाळेपुढे बेलचा घोडा थांबला, त्याचे नाव मात्र कोणी टिपून ठेवलेले नाही.

विज्ञानाची गोष्ट मी थोडक्यात आवरणार आहे, कारण एग्मोरच्या विज्ञानाने मला जितके दिले तितकेच अस्वस्थही केले. बेलच्या आधी तीन वर्षे, १७८६ मध्ये, विल्यम पेट्री या कंपनीच्या एका अधिकाऱ्याने एग्मोरच्या आपल्या बंगल्यात स्वखर्चाने वेधशाळा मांडली. तिची उपकरणे पुढे कंपनीने घेतली, १७९२ मध्ये शेजारच्या नुंगंबाक्कमला तिची इमारत उठली, आणि मद्रासचे रेखांश हा हिंदुस्थानच्या मोजणीचा एक खुंट झाला. मग एडवर्ड बाल्फर नावाच्या शल्यवैद्याच्या देखरेखीखाली १८५१ साली सरकारी वस्तुसंग्रहालय सुरू झाले आणि १८५४ च्या अखेरीस ते एग्मोरच्या पँथिऑन नावाच्या जुन्या इमारतीत आले. झाडे तोडली की पाऊस हटतो आणि दुष्काळ पडतो का, या प्रश्नावर बाल्फरने १८४९ सालीच लेख लिहिला होता, हे आज वनखात्याच्या भाषणांत कोणी सांगत नाही.

त्या संग्रहालयातल्या शस्त्रांच्या दालनात मराठी माणसाचे पाय जड होतात. १८५५ साली तंजावरच्या मराठी गादीवरचा दुसरा शिवाजी निपुत्रिक वारला, डलहौसीच्या धोरणाने गादी खालसा झाली, आणि राजवाड्याच्या शिलेखान्यातली हत्यारे मद्रासला आली. त्यांतली निवडक, म्हणजे ज्यांवर जाळीदार नक्षी आहे, ज्यांच्या मुठींवर याळी (सिंहासारखे कल्पित प्राणी) आणि पोपट कोरले आहेत अशा कट्यारी, पट्टे, अंकुश, संग्रहालयाने ठेवून घेतली. उरलेली मोडून भंगारात गेली. कोणते हत्यार कोणत्या कारागिराचे, कोणते आधीच्या नायक राजांच्या वेळचे आणि कोणते भोसल्यांच्या, हे ठरवण्याचा एरवी जो आधार, म्हणजे शेजारी ठेवून ताडून पाहता येतील अशी पुष्कळशी सामान्य हत्यारे, तो भट्टीत वितळला. संग्राहकाला सुंदर वस्तू हवी असते. संशोधकाला साधी वस्तूही लागते, आणि पुष्कळदा तीच अधिक लागते.

त्याच संग्रहालयाचा एडगर थर्स्टन हा १८८५ पासून १९०८ पर्यंत अधीक्षक. दक्षिणेतल्या जातिजमातींवर त्याने के. रंगाचारी यांच्या साहाय्याने सात खंड सिद्ध केले. ते १९०९ मध्ये निघाले, आणि त्यांतल्या चालीरीतींच्या नोंदी आजही उपयोगी पडतात. परंतु थर्स्टनचा जीव नोंदींपेक्षा मापांत अधिक होता. नाकाची रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण काढून त्यावरून माणसाचे कूळ ठरवता येते, या त्या काळच्या समजुतीपायी तो लोखंडी कर्कटक घेऊन हिंडे, आणि मोराचा पिसारा पाहायला संग्रहालयात आलेल्या बापड्या प्रेक्षकांचीही नाके मोजून घेई. आकडे अचूक होते. प्रश्नच चुकीचा होता. हजारो नाके मोजून जे सिद्ध झाले ते असे की मनुष्याला आधीपासून जे मानायचे असते ते मापपट्टीने त्याला अधिक ठामपणे मानता येते. येथे रुजुवात झाली, पण ती पूर्वग्रहाशी.

मार्शल्स रोडवरचे सरकारी नेत्ररुग्णालय ही मात्र अभिमानाची जागा. मद्रासेत डोळ्यांचा दवाखाना १८१९ साली निघाला, लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयानंतर अवघ्या चौदा वर्षांनी. सुरुवात रायपेट्ट्यात झाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो एग्मोरला आला. आपण ज्याला नुसते ‘डोळे आले’ म्हणतो त्या साथीला दक्षिणेत ‘मद्रास आय’ म्हणतात, त्याचे मूळही १९१८ च्या सुमारास याच रुग्णालयात झालेल्या निदानात असल्याचे सांगतात. परंतु या दवाखान्याकडे जाण्याआधी थोडे तंजावरला जाऊन यावे लागेल.

तंजावरचा दुसरा सरफोजी हा तरुणपणी चार-पाच वर्षे मद्रासेत वाढला. गादीच्या तंट्यात जीव धोक्यात आला म्हणून १७९३ साली त्याला तेथे आणले गेले, आणि गेरिके या जर्मन पाद्र्याने त्याला शिकवले. बेल आपल्या अनाथाश्रमात वाळूचे प्रयोग करीत होता त्याच वर्षांत त्याच शहरात भोसल्यांचा हा मुलगा इंग्रजी आणि शास्त्रे शिकत होता. दोघांची भेट झाली की नाही यावर कल्पनेचे मनोरे मी उभारणार नाही. दोघे वारले मात्र एकाच वर्षी, बेल जानेवारीत आणि सरफोजी मार्चमध्ये. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आला, आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती जाऊन त्याच्याकडे किल्ला, एक लाख होनांची नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. राज्य करण्याचे काम संपले तेव्हा त्याने विद्येचा कारभार मांडला. त्याच्या धन्वंतरी महालात औषधांचे संशोधन चाले, आणि नेत्ररुग्णांची जी टिपणे तेथे ठेवली गेली, त्यांतली काही सरस्वती महाल ग्रंथालयात सुरक्षित आहेत. रोग्याचे नाव, तक्रार, उपचार, उपचारानंतर नजरेत पडलेला फरक, आणि सोबत रोगी डोळ्याचे रंगीत चित्र! चित्रकाराने बुबुळावरचा पांढरा डाग आणि पापणीची लाली अशी काढली आहे की आजच्या डॉक्टरानेही निदान करावे. राजा स्वतः हातात शस्त्र घेऊन मोतीबिंदू काढी, अशी आख्यायिका दक्षिणेत मोठ्या कौतुकाने सांगतात. त्याच्या पदरी इंग्रजी वैद्यकात तयार झालेली माणसे होती आणि शस्त्र बहुधा त्यांच्या हातात असे, असे कागद अधिक बारकाईने वाचणाऱ्यांचे मत आहे. मला यात राजाची मानहानी दिसत नाही. शस्त्र धरणारे पुष्कळ असतात. दर रोग्यामागे कागद ठेवा, चित्र काढा आणि नंतर काय झाले तेही लिहा, असे सांगणारा धनी विरळा.

एग्मोरच्या नेत्ररुग्णालयाचा रॉबर्ट हेन्री इलियट हा त्याच जातीचा माणूस. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो तेथे प्रमुख होता. काचबिंदू म्हणजे डोळ्याच्या आतल्या पाण्याचा दाब वाढून दृष्टीचा मज्जातंतू हळूहळू मरणे; मोतीबिंदूत गेलेली नजर परत येते, काचबिंदूत गेलेली येत नाही. इलियटने १९०९ साली एक युक्ती योजिली. बुबुळाचा पारदर्शक भाग जेथे पांढऱ्या भागाला मिळतो तेथे, गोल पात्याच्या बारीक हत्याराने, जोंधळ्याच्या दाण्याहूनही लहान अशी एक चकती कापून काढावयाची, म्हणजे कोंडलेले पाणी डोळ्यावरच्या पातळ आवरणाखाली झिरपत राहते आणि दाब उतरतो. हत्यार साधे, कारागिरी कठीण. ही शस्त्रक्रिया त्याच्या नावाने जगभर गेली. काही डोळ्यांत पुढे त्याच छिद्राच्या वाटेने जंतू शिरतात असेही नंतर आढळून आले, तेव्हा पुढच्या शल्यवैद्यांनी तिच्यात सुधारणा केल्या. संशोधनाचे आयुष्य असेच असते. सुई घेऊन गावोगाव फिरणाऱ्या आणि मोतीबिंदू काढण्याऐवजी तो डोळ्याच्या आतच ढकलून देणाऱ्या वैदूंविषयी इलियटने १९१७ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. वैदूचा रोगी आठ दिवस आनंदात असतो आणि वैदू तोवर पुढच्या गावी गेलेला असतो. नवव्या दिवशी काय होते ते दवाखान्यालाच पाहावे लागते, हा त्यातला मथितार्थ.

याच इलियटचा आणखी एक छंद येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. तो हौशी जादूगार होता. दोर आकाशात फेकावा, पोराने त्यावर चढून दिसेनासे व्हावे, या ‘हिंदी दोरीच्या जादू’ची विलायतेत फार वदंता होती. १९३४ मध्ये लंडनच्या जादूगारांच्या मंडळाने, मद्रासचे माजी गव्हर्नर लॉर्ड अँपथिल यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरवून, हा खेळ उघड्यावर करून दाखवील त्याला ५०० गिनींचे बक्षीस जाहीर केले, त्यामागे इलियट होता. बक्षीस कोणी जिंकले नाही. पाहिले म्हणणारे शेकडो, दाखवणारा एकही नाही.

आता या परिसरातल्या सर्वांत मोठ्या संशोधनाकडे वळतो. एग्मोरच्या पश्चिम वेशीवर, चेटपेटला, १९५६ साली भारत सरकारचे वैद्यकीय संशोधन मंडळ, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि विलायतेचे वैद्यकीय संशोधन मंडळ यांनी मिळून क्षयाच्या औषधोपचाराचे एक केंद्र उघडले. तोपर्यंत क्षय म्हटला की सॅनेटोरियम हा जगाचा दंडक होता. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती, दूध, अंडी, लोणी. आपल्याकडे मिरजेच्या आणि पुण्याच्या सॅनेटोरियमांत महिनोन् महिने पडून राहिलेली माणसे प्रत्येक कुटुंबाच्या आठवणीत आहेत, आणि तेथे जागा मिळावी म्हणून घातलेले खेटेही. क्षयी लाखांनी आणि खाटा हजारांनी, असे ते व्यस्त गणित होते. नवी औषधे तर आली होती. मग गरिबाने आपल्या एका खोलीच्या घरात, डाळभात खाऊन, जमेल तसे काम करीत ती औषधे घेतली तर तो बरा होईल की नाही? आणि त्याच्या खोकल्याने घरातली पोरेबाळे आजारी पडतील की नाही?

येथे बेलने जे केले नाही ते केले गेले. मद्रासच्या गरीब वस्त्यांतले १९३ रोगी घेतले, आणि कोण घरी राहणार व कोण सॅनेटोरियममध्ये जाणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर, वशिल्यावर किंवा रोग्याच्या तब्येतीकडे पाहून ठरवण्याऐवजी निव्वळ दैवावर, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, सोपवले. औषधे दोघांनाही तीच, आयसोनियाझिड आणि पास, वर्षभर. घरच्या रोग्याने गोळ्या खरोखरच घेतल्या की गाडग्यात टाकल्या, हे कसे कळावे? त्यासाठी केंद्राची माणसे पूर्वसूचना न देता घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजीत आणि लघवीचा नमुना घेऊन त्यात औषधाचा अंश उतरला आहे का ते पाहत. कोठल्या तरी अंधाऱ्या खोलीत, चुलीच्या धुरात, कोनाड्यातली डबी उतरवून एक परिचारिका चटईवर गोळ्या ओतते आहे, दोन-दोन करून मोजते आहे, आणि घरधनीण दारात उभी राहून तो आकडा वहीत जाईपर्यंत श्वास रोखून आहे, असे ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढे येते. फडणिसाच्या कचेरीत यापेक्षा कडक रुजुवात झाली नसेल.

वर्षअखेर सॅनेटोरियममधल्या शंभरांतले सुमारे ९२ आणि घरच्या शंभरांतले सुमारे ८६ रोगी जंतुमुक्त झाल्याचे दिसले. सॅनेटोरियमवाल्यांना विश्रांती अधिक आणि आहार कितीतरी चांगला होता, तरी फरक एवढाच. घरच्या माणसांना लागण झाल्याचे प्रमाणही रोगी घरी राहिल्यामुळे वाढलेले आढळले नाही. मुख्य धोका निदान होण्याआधीच्या दिवसांत होऊन गेलेला असतो. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरची सॅनेटोरियमे ओस पडू लागली. १९६२ साली आखलेला आपला राष्ट्रीय क्षय कार्यक्रम घरी राहून उपचार या तत्त्वावर उभा राहिला. हे संशोधन आरोग्याचे म्हणावे की अर्थशास्त्राचे? रोग्याची मजुरी बुडत नाही, सरकारला खाटा बांधाव्या लागत नाहीत, आणि त्याच पैशात कैकपट माणसे बरी होतात. स्वस्त म्हणून बेलची पद्धत पसरली तशी हीही पसरली; परंतु हिचा स्वस्तपणा आधी ताडून घेतलेला होता. दोन प्रयोगांत अंतर सुमारे एकशे सत्तर वर्षांचे, आणि जागेचे जेमतेम अर्ध्या कोसाचे.

राहिला अर्थव्यवहार, आणि त्यासाठी पुन्हा स्थानकासमोरच्या रस्त्यावर यावे लागते. तेथे १९०९ साली बांधलेली लाल विटांची इमारत म्हणजे पूर्वीचे मद्रास रेकॉर्ड ऑफिस, आजचा तामिळनाडूचा पुराभिलेखागार. सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या कंपनीच्या सल्लामसलतींच्या रोजनिशा, सतराव्या शतकापासूनच्या, येथे मांडणीवर उभ्या आहेत. आपल्या पेशवे दप्तरातल्या रुमालांचा वास ज्याने घेतला आहे, त्याला येथे परके वाटणार नाही. फक्त रुमालांच्या जागी पुठ्ठे आणि मोडीच्या जागी कंपनीच्या कारकुनांची वळणदार इंग्रजी. हेन्री डॉडवेल हा येथला दप्तरदार १९११ पासून. पाँडिचेरीच्या आनंद रंग पिळ्ळे या दुभाष्याच्या रोजनिशीचे संपादन त्याने पुढे चालवले, आणि दक्षिणेच्या अर्थकारणावर ज्यांनी ज्यांनी गंभीरपणे लिहिले त्यांतल्या बहुतेकांच्या हाताला या दप्तराची धूळ लागलेली आहे.

या कागदांत तंजावरच्या मराठी राज्याची जी एक हकीकत गुंतली आहे ती सावकारीची आहे. १७७३ साली अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेकरवी तंजावर घेऊन तुळजाजी राजाला कैदेत टाकले. विलायतेच्या संचालकांना ते रुचले नाही. राज्य परत देण्याचा हुकूम घेऊन लॉर्ड पिगट मद्रासला गव्हर्नर म्हणून आला आणि एप्रिल १७७६ मध्ये त्याने तुळजाजीला गादीवर बसवले. इतक्यात पॉल बेनफील्ड नावाचा कंपनीचा एक किरकोळ नोकर उभा राहिला, आणि नबाबाला दिलेल्या कर्जापोटी तंजावरच्या मुलखाचा वसूल, म्हणजे शेतात उभे असलेले भाताचे पीकसुद्धा, आपल्याकडे गहाण आहे असे सांगू लागला. रक्कम दोन लाख पौंडांच्या वर. वर्षाला काहीशे पौंड पगार असलेल्या माणसाने लाखांनी कर्ज दिले कोठून, हा प्रश्न पिगटने विचारला. उत्तर असे की मद्रासच्या कौन्सिलातलेच कित्येक सदस्य त्या कर्जात भागीदार होते. २४ ऑगस्ट १७७६ रोजी त्यांनी आपल्याच गव्हर्नराला अटक केली, आणि पुढच्या मे महिन्यात तो कैदेतच वारला. १७८५ मध्ये एडमंड बर्कने पार्लमेंटात या कर्जांची लक्तरे काढली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी नेमलेल्या आयोगाने नबाबावरच्या दाव्यांची तपासणी केली तेव्हा त्यांतला फार मोठा भाग बनावट ठरला. कावेरीच्या काठचा भात अशाच जातीच्या कर्जांपोटी गहाण पडला होता.

अशा व्यवहाराचा शोध एका दप्तराने लागत नाही. इंग्रजी बाजू एग्मोरला आहे; तंजावरच्या दरबाराची बाजू मोडीत आहे आणि तिचा उरलेला भाग तंजावरला. राजवाड्याचा रोजचा खर्च, छत्रांतल्या अन्नदानाचे तांदूळ, वैद्यांचे आणि पंतोजींचे पगार, धान्याचे भाव, कर्जाचे व्याज, हे सारे त्या मोडी कागदांच्या गठ्ठ्यांत बांधलेले आहे, म्हणजे मी या लेखात जी चार क्षेत्रे वेगळी काढली ती तेथे एकाच कारकुनाच्या एकाच पानावर एकाखाली एक उतरलेली आहेत. मद्रास इलाख्याच्या कित्येक महसुली कचेऱ्यांत तर कंपनीच्या अमदानीतही हिशेब मराठीतच चालत, आणि शिरस्तेदार देशस्थ असत. गुंटूर जिल्ह्यात या मंडळींनी कंपनीच्या वरिष्ठांना कसे वर्षानुवर्षे अंधारात ठेवले, हे फ्रायकेनबर्ग या अमेरिकन इतिहासकाराने १९६५ साली मद्रासच्या दप्तरावरून दाखवून दिले. आपल्या लोकांचा तो पराक्रमही आपल्याला परक्याने सांगावा लागला.

तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचा तमिळ अनुवाद १९८९ मध्ये तीन खंडांत छापला आहे. त्यामुळे भोसल्यांच्या दरबारचा जमाखर्च तमिळ वाचकाला त्याच्या भाषेत वाचता येतो. मूळ मराठी मात्र अजून गठ्ठ्यांत आहे, आणि ती वाचू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग अधूनमधून निघतात, मुले प्रमाणपत्र घेतात आणि आजोबांच्या खरेदीखतावर थांबतात. त्यांतल्या चार-दोघांनी जरी एक उन्हाळा मोडून या दोन दप्तरांची रुजुवात हाती घेतली, तरी दक्षिणेच्या अर्थव्यवहाराचे एक प्रकरण नव्याने लिहावे लागेल. अडचण अंतराची नाही. एग्मोरहून तंजावरला रात्रीची गाडी आहे. दिवसभर इंग्रजी कागद पाहून निघावे, सकाळी मोडीपाशी पोचावे.